पावलांचा हिशेब

माझ्या थोरल्या भावाला अर्धांगवायूचा झटका आला होता, तेव्हा मी त्याच्याबरोबर फिजिओथेरपीला जात असे. दोन समांतर दांड्यांमधून दादा एकेक पाऊल टाकायचा आणि तिथल्या ताई म्हणायच्या, "काका, कालच्यापेक्षा बरं चाललात." दादा आयुष्यभर हिशेबनीस. तो विचारायचा, "किती बरं?" ताई हसायच्या. त्यांच्याजवळ सांध्याचा कोन मोजायचे प्लॅस्टिकचे साधन होते. पण ते बसलेल्या किंवा आडव्या माणसाच्या गुडघ्याला लावायचे. चालत्या पायाला लावणार कसे?

दादाचा प्रश्न नवा नव्हता. जर्मनीतल्या वेबर बंधूंनी १८३६ साली माणसाच्या चालण्यावर एक ग्रंथ लिहिला. पुढे येणारा पाय घड्याळाच्या लंबकासारखा आपोआप झुलतो, त्याला स्नायूंचे बळ लागत नाही, असे त्यांचे म्हणणे. मोठी देखणी कल्पना! ती खोडायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला, कारण चालणे डोळ्यांना पकडता येत नाही. १८८२ साली पॅरिसच्या एत्यें-ज्यूल मारे यांनी सेकंदाला बारा चित्रे टिपणारा बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला. पुढे त्यांनी माणसाला नखशिखांत काळे कपडे चढवले, हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या लावल्या आणि त्याला काळ्या पडद्यासमोरून चालवले. काचेवर माणूस उमटलाच नाही, उमटल्या नुसत्या रेषा. आज संगणकाच्या पडद्यावर काड्यांचा माणूस चालताना दिसतो, त्याचा हा पूर्वज.

पण चित्र मिळाले म्हणजे माप मिळाले असे नाही. १८९१ साली लाइपझिगमध्ये शरीरशास्त्रज्ञ ब्राउने आणि गणिती फिशर यांनी एका सैनिकाच्या अंगावर विजेने उजळणाऱ्या काचेच्या नळ्या बांधल्या आणि रात्रीच्या अंधारात चार कॅमेऱ्यांसमोर त्याला चालवले. दोनदा मोकळे, एकदा पाठीवर लष्करी ओझे घेऊन. नुसत्या बांधाबांधीलाच कित्येक तास गेले. मग प्रत्येक ठिपक्याची जागा हाताने मोजायची, हाताने आकडेमोड करायची. पुढच्याच वर्षी ब्राउने वारले. फिशर यांनी शेवटचा भाग छापला तो १९०४ साली. लंबकाची कल्पना त्यांनी मोडीत काढली खरी, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या पावलांचा हिशेब तेरा वर्षे चालला! तो सैनिक धडधाकट होता म्हणून बरे. रुग्ण असता तर त्याने तोवर थांबायचे कुठे?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत पाय गमावलेले सैनिक परतले आणि कृत्रिम पाय नीट बनवायचा तर खरा पाय कसा चालतो ते कळायला हवे, अशी निकड आली. बर्कलीच्या विद्यापीठात शल्यचिकित्सक इनमन आणि अभियंता एबरहार्ट यांनी हे काम हाती घेतले. एबरहार्ट यांचा स्वतःचा एक पाय अपघातात गेलेला होता. कातडी हाडावरून सरकते, त्यामुळे वरून लावलेली खूण फसवते. म्हणून त्यांनी स्वयंसेवकांच्या थेट हाडांत खिळे बसवून मोजमाप केले. वाचतानाही अंगावर काटा येतो.

जॅकलिन पेरी यांचे नाव मात्र आवर्जून घ्यायला हवे. युद्धकाळात त्या लष्करात फिजिओथेरपिस्ट होत्या, पुढे अस्थिशल्यचिकित्सक झाल्या. कॅलिफोर्नियातल्या रँचो लॉस अमिगोस रुग्णालयात त्यांनी सहकाऱ्यांसह चालीच्या एका आवर्तनाचे आठ टप्पे पाडले आणि कुठल्या टप्प्यात कुठला सांधा कसा पाहायचा ते ठरवून दिले. संगणक पुढे जे मोजू लागला, ते आधी डोळ्यांना शिकवले गेले होते.

संगणकाने काय साधले, ते सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांच्या बाबतीत दिसते. मूल चवड्यावर चालते म्हणून टाचेमागची कंडरा लांबवायची. मग ते गुडघ्यात वाकून चालू लागते, म्हणून पुढच्या वर्षी मांडीमागचे स्नायू. त्यानंतर खुबा. टोरांटोचे शल्यचिकित्सक मर्सर रँग यांनी या प्रकाराला 'वाढदिवसाचा विकार' असे नाव दिले, कारण मुलाचा दर वाढदिवस रुग्णालयात! १९८१ साली अमेरिकेतल्या न्यूइंग्टन बालरुग्णालयात जेम्स गेज यांनी संगणकाच्या मदतीने चाल मोजणारी प्रयोगशाळा उभी केली. गुडघा, खुबा, घोटा यांचे कोन एकाच वेळी, एकाच आलेखावर, आणि तेही उपचार ठरवण्याआधी हातात येऊ लागले. मूळ दोष कुठला आणि तो सावरण्यासाठी शरीराने लावलेली युक्ती कुठली, हे वेगळे काढता येऊ लागले. त्यामुळे अनेक दुरुस्त्या एकाच शस्त्रक्रियेत करण्याचा विचार बळावला. अर्थात त्यानंतरचे महिनोन्‌महिने फिजिओथेरपीचेच.

पुढे हे तंत्र स्वस्त होत गेले. २०१० साली खेळासाठी आलेला 'किनेक्ट' कॅमेरा फिजिओथेरपिस्टांनी आपल्या कामाला जुंपला. त्याचे उत्पादन २०१७ साली थांबले. आता दोन फोनच्या कॅमेऱ्यांवरून, अंगावर एकही खूण न लावता, सांध्यांचे कोन काढता येतात. माझी शंका एवढीच, की कुणी पाहत असले की माणूस जरा बरेच चालतो. घरी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर तो कसा अडखळतो, ते कुठला कॅमेरा टिपणार?

दादाच्या वेळी यातले काहीच आमच्या वाट्याला आले नाही. पण त्याचे रोजचे "किती बरं?" ऐकून ताईंनी एके दिवशी फरशीवर दहा मीटर अंतरावर दोन पट्ट्या चिकटवल्या आणि सेकंद मोजायचे घड्याळ आणले. पहिल्या दिवशी एक्केचाळीस सेकंद. दादाने खिशातून छोटी वही काढली, डाव्या हाताने तारीख घातली आणि पुढे आकडा लिहून आमच्याकडे पाहिले.