अरकाटी ते नोंदणीकृत एजंट : परदेशी भरतीतील मध्यस्थाचा इतिहास

प्रस्तावना

परदेशातील मालकाला मजूर हवा असतो आणि येथील मजुराला काम हवे असते. या दोघांची गाठ परस्पर पडत नाही. ती घालून देणारा तिसरा माणूस भारतीय स्थलांतराच्या इतिहासात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून दिसतो. या स्थलांतराविषयी विपुल लेखन झाले आहे. परंतु त्यातील बहुतेक लेखन मळ्यावरील जीवन, वसाहतींतील भारतीय समाज किंवा परदेशातून येणारा पैसा यांच्याभोवती फिरते. मध्यस्थ त्यात खलपुरुष म्हणून एका परिच्छेदापुरता येतो व निघून जातो. प्रस्तुत निबंधात या मध्यस्थाचा, आणि विशेषतः त्याचा मोबदला कोणी दिला या प्रश्नाचा, ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे. कायद्याने त्याला कसे ओळखले, यापेक्षा त्याचे पोट कोणाच्या पैशावर चालले, हा प्रश्न अधिक मूलभूत आहे.

गिरमिट पद्धती आणि अरकाटी

ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३४ मध्ये अमलात आला. त्याच वर्षी कलकत्त्याहून निघालेले ‘अ‍ॅटलास’ हे जहाज ३६ मजुरांना घेऊन मॉरिशसला पोहोचले. १८३७ च्या कायद्याने कराराची मुदत पाच वर्षांवर आणली व मजुराने सरकारी अधिकाऱ्यासमोर हजर होणे आवश्यक ठरवले. तथापि फसवणुकीच्या तक्रारी इतक्या वाढल्या की, १८३९ मध्ये हे स्थलांतर थांबवावे लागले. १८४२ च्या कायद्याने मॉरिशसपुरते ते पुन्हा खुले झाले. कलकत्ता, मद्रास व मुंबई ही तीन बंदरे ठरली आणि तेथे ‘उत्प्रवासी संरक्षक’ हे पद निर्माण झाले. मॉरिशसमधील मराठी भाषकांचे पूर्वज याच काळात मुंबई बंदरातून गेले. एकूण स्थलांतरात मुंबईचा वाटा लहान होता. पण मराठी वाचकासाठी हा इतिहास परका नाही, एवढे त्यातून स्पष्ट होते.

भरतीची साखळी कशी होती हे पाहणे उद्बोधक आहे. वसाहतीचे सरकार कलकत्त्यात आपला एजंट नेमी. त्याच्या हाताखाली जिल्ह्याजिल्ह्यांत उपएजंट असत. त्यांच्याखाली संरक्षकाने परवाना दिलेले भरती करणारे. आणि सर्वांत तळाशी, परवाना नसलेला अरकाटी. हा शब्द भरतीसाठी असलेल्या इंग्रजी शब्दाचाच अपभ्रंश मानला जातो, जसा ‘गिरमिट’ हा ‘अ‍ॅग्रीमेंट’चा. अरकाटी बाजारात, धर्मशाळेत, तीर्थाच्या ठिकाणी, रेल्वे स्थानकावर घरापासून तुटलेला माणूस हेरी आणि दरडोई ठरलेल्या रकमेला त्याला परवानाधारकाच्या स्वाधीन करी. दर शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया असाव्यात असा नियम झाल्यावर स्त्रीसाठी मिळणारी रक्कम पुरुषापेक्षा जास्त झाली. सदिच्छेने केलेल्या नियमाचा दलालाच्या हिशेबात काय अर्थ होतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

कागदोपत्री सर्व व्यवहार निर्दोष होता. मजुराची नोंदणी जिल्ह्यातील दंडाधिकाऱ्यासमोर होई. कराराच्या अटी समजल्या का, असे त्याला विचारले जाई. बंदराच्या डेपोत वैद्यकीय तपासणी होई. आणि शेवटी संरक्षकाची सही होई. फिजीहून परतलेले तोताराम सनाढ्य यांनी १९१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिंदी पुस्तकात आपली १८९३ मधील भरती वर्णिली आहे. रोज बारा आणे मिळतील, असे त्यांना अरकाट्याने सांगितले होते. दंडाधिकाऱ्याच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणायचे, हेही आधीच पढवून ठेवलेले होते. संमतीची नोंद झाली होती, पण संमती कशाला दिली हे संमती देणाऱ्यालाच ठाऊक नव्हते. ग्रियर्सन यांनी बंगाल प्रांतासाठी आणि मेजर पिचर यांनी वायव्य प्रांतासाठी १८८०च्या दशकाच्या आरंभी चौकशी केली, १८८३ मध्ये नवा सर्वंकष कायदाही झाला. मात्र साखळीचे तळाचे टोक कायद्याच्या बाहेरच राहिले.

येथे एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्यावी लागते. अरकाटी कितीही बदनाम असला तरी त्याचा पैसा अंतिमतः मळेवाल्यांकडून व वसाहतीकडून येत असे. मजूर गावातून निघताना कर्ज काढून निघत नव्हता. त्याची किंमत तो पुढे पाच वर्षांच्या बांधिलकीतून फेडत होता, आणि करार मोडला तर त्याला फौजदारी शिक्षा होत होती, हा भाग वेगळा.

पूर्व आफ्रिकेतील युगांडा रेल्वेसाठी १८९६ पासून झालेली भरती या पद्धतीची थोडी निराळी आवृत्ती होती. तेथे कराची येथील व्यापारी ए. एम. जीवनजी यांच्याकडे मजूर पुरवण्याचे काम होते. करार तीन वर्षांचा होता. सुमारे ३२,००० मजूर गेले, सुमारे २,५०० मृत्यू पावले, आणि मुदत संपल्यावर सुमारे ६,७०० तेथेच राहिले.

४ मार्च १९१२ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी इम्पीरियल कौन्सिलमध्ये गिरमिट पद्धतीच्या संपूर्ण समाप्तीचा ठराव मांडला. नातालला होणारी मजूर भरती त्यांच्या १९१० च्या ठरावानंतर, १९११ मध्ये, बंद झालेली होती. या वेळी सरकारी बहुमतापुढे ठराव टिकला नाही. परंतु अडाणी माणसाला अटींची कल्पना न देता बांधून घेतले जाते, हा मुद्दा आता राष्ट्रीय प्रतिष्ठेचा झाला. १९१६ मध्ये मालवीयांचा ठराव स्वीकारला गेला व १९१७ मध्ये युद्धकालीन अधिकारांखाली भरती थांबली. १९२२ चा उत्प्रवासन कायदा हे या चळवळीचे फळ. अकुशल मजुरांना परदेशी नेणे त्याने सरकारच्या मान्यतेवर सोपवले. हा कायदा वसाहतींच्या मळ्यांसाठी घडवलेला होता. पुढे साठ वर्षांनी एका वेगळ्याच बाजारपेठेशी त्याची गाठ पडणार होती.

आखाती भरती आणि १९८३ चा कायदा

१९७३ मध्ये तेलाचे भाव चढले. आखाती देशांत रस्ते, बंदरे, वसाहती उभ्या राहू लागल्या आणि गवंडी, सुतार, वेल्डर, चालक यांची मागणी अचानक वाढली. मुंबई या भरतीचे मोठे केंद्र बनली. केरळपासून उत्तर प्रदेशापर्यंतचे उमेदवार येथे येऊन मुलाखत, व्हिसा आणि विमानाची वाट पाहत. रत्नागिरी-रायगडमधील अनेक कुटुंबांसाठी तर मुंबईच्या जोडीने आखात ही दुसरी चाकरी झाली. १९२२ च्या कायद्यात या खाजगी एजंटांसाठी पुरेशी व्यवस्था नव्हती. परिणामी १९८३ चा उत्प्रवासन कायदा झाला व त्याच वर्षी ३० डिसेंबरला अमलात आला.

या कायद्याने परदेशी मालकासमोर दोन मार्ग ठेवले : स्वतः परवाना घेऊन भरती करणे किंवा नोंदणीकृत एजंटामार्फत करणे. व्यवहारात दुसरा मार्गच रूढ झाला. मालकाचे मागणीपत्र, एजंटाला दिलेले मुखत्यारपत्र आणि कराराचा नमुना अशी कागदपत्रे आवश्यक ठरली. एजंटाने अनामत ठेवावी, आणि संरक्षकाच्या मंजुरीशिवाय कामगाराने निघू नये, असे ठरले. १८४२ मधील संरक्षकाचे पद नव्या कायद्यात जवळजवळ त्याच नावाने पुन्हा आले, हा योगायोग नव्हे.

मोबदल्याचा प्रश्न मात्र उलटला. एजंटाने कामगाराकडून सेवाशुल्क घ्यावे हे नियमांनीच मान्य केले. २००९ मध्ये ही मर्यादा ४५ दिवसांच्या पगाराइतकी, पण जास्तीत जास्त २०,००० रुपये होती. २०१७ मध्ये कमाल रक्कम ३०,००० रुपये झाली. प्रत्यक्षात घेतली जाणारी रक्कम याहून बरीच मोठी असते, हे कोणत्याही स्थलांतरित कुटुंबाला सांगावे लागत नाही. याचे कारण केवळ एजंटाची हाव नव्हे. मागणी मर्यादित आणि एजंट पुष्कळ, त्यामुळे मागणीपत्र मिळवण्यासाठी एजंटच परदेशी कंपनीतील माणसांना पैसे मोजतो. हा खर्च उपएजंटाच्या हातून खाली उतरतो आणि शेवटी गावातील सावकारापर्यंत पोहोचतो. संयुक्त अरब अमिरातीच्या १९८० च्या श्रम कायद्याने कामगाराकडून दलाली घेण्यास मनाई केली होती. म्हणून ती वसुली येथे, उड्डाणापूर्वी होत असे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारात कामगाराकडून शुल्क घेऊ नये असे तत्त्व आहे. भारताने त्यास अनुसमर्थन दिलेले नाही.

उपएजंट हा या कायद्यातील अरकाटी होय. कायद्याच्या दृष्टीने त्याला स्थान नाही, आणि त्याच्यावाचून एजंटाचा उमेदवार गावातून निघत नाही. कायद्याने ठेवलेली शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद व दोन हजार रुपयांपर्यंत दंड एवढी होती. खटला भरण्यास केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागे. फसलेला उत्प्रवासी स्वतः किंवा त्याच्या वतीने त्याचे जवळचे नातेवाईक तक्रार करतील तेव्हा ती लागत नसे. परदेशात पासपोर्ट मालकाच्या ताब्यात असलेला माणूस येथील न्यायालयात तक्रारदार म्हणून स्वतः उभा राहणे मात्र अवघडच होते.

राज्यसंस्था मध्यस्थ होते तेव्हा

परिचारिकांच्या भरतीतील गैरव्यवहार उघड झाल्यानंतर, २०१५ मध्ये केंद्राने त्यांची १८ देशांतील भरती खाजगी एजंटांकडून काढून केरळमधील नोर्का रूट्स व ओडेपेक या सरकारी संस्थांकडे सोपवली. पुढे इतर राज्यांच्या संस्थाही त्यात आल्या. त्याआधी २०१४ मध्ये ‘ई-मायग्रेट’ या संगणकीय व्यवस्थेने मालक, एजंट आणि संरक्षक यांना एका जाळ्यात आणले होते. इस्रायलशी नोव्हेंबर २०२३ मध्ये झालेल्या करारानंतर बांधकाम मजुरांची भरती दोन मार्गांनी झाली : एक सरकारी, दुसरा खाजगी एजंटांचा. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, तेव्हा मध्यस्थाच्या खुर्चीवर राज्य स्वतः येऊन बसल्यासारखे झाले. या खुर्चीच्या मागे गावपातळीवर उमेदवार गोळा करणारा कोण असेल आणि भाषा शिकण्याच्या काळातील त्याचा खर्च कोणाच्या नावावर लिहिला जाईल, हे मात्र १९१२ मध्ये गोखल्यांनी विचारलेल्या प्रश्नांच्याच जातीचे प्रश्न आहेत.