आकारापासून अंधारापर्यंत : गदिमांचे सर्वोत्कृष्ट गीत कोणते?

गदिमांचे सर्वोत्कृष्ट गीत कोणते, असा प्रश्न मराठीच्या वर्गात टाकला की उत्तर यायला वेळ लागत नाही. ‘गीतरामायण’. मग हे एक गीत नसून छप्पन्न गीते आहेत, त्यांतले एक निवडा, असे सांगावे लागते. तेव्हा थोडी चुळबुळ होते आणि कुणीतरी ‘पराधीन आहे जगती’ म्हणते. बहुतेकांच्या माना डोलतात. प्रश्न मिटतो.

आमच्या मते तो मिटू नये. गजानन दिगंबर माडगूळकर (१९१९–१९७७) यांना मराठी समीक्षेने ‘आधुनिक वाल्मीकी’ म्हणून एकदा गौरविले आणि त्या गौरवाच्या आड त्यांच्या बाकीच्या गीतलेखनाकडे पाठ फिरविली. ‘नाच रे मोरा’ बालवाडीला दिले, ‘बुगडी माझी सांडली गं’ तमाशापटाच्या इतिहासाला दिले. ‘इंद्रायणी काठी’ तर १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’मधले चित्रपटगीत आहे, हेच अनेकांच्या गावी नसते. पंडित भीमसेन जोशींच्या आवाजात ते ऐकणारे पुष्कळजण त्याला एखाद्या संताचा अभंग समजतात. कवीला मिळावी अशीच ही पावती. पण अभ्यासकांनीही तीच समजूत बाळगावी हे काही बरे नव्हे.

आमची निवड ‘प्रपंच’ (१९६१) या चित्रपटातील ‘फिरत्या चाकावरती’ ही आहे. विठ्ठलाला वेडा कुंभार म्हणणारे, सुधीर फडके यांनी स्वरबद्ध केलेले आणि गायिलेले हे गीत महाराष्ट्रात ठाऊक नाही असा माणूस विरळा. आमचे म्हणणे त्याच्या लोकप्रियतेविषयी नाही. गदिमांच्या गीतांत एक प्रश्न काही वर्षे टप्प्याटप्प्याने धारदार होत गेला आणि या गीतात तो पहिल्यांदा ज्याला विचारायचा त्यालाच विचारला गेला, असे आम्हांस वाटते. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

‘गीतरामायणा’चे प्रसारण पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला सुरू झाले. दर आठवड्याला एक गीत अशी योजना होती, आणि त्या वर्षी अधिक मास आल्याने संख्या बावन्नावरून छप्पन्नावर गेली. ‘पराधीन आहे जगती’ हे त्यातले चित्रकूटावरचे गीत. भरत रामाला परत न्यायला आला आहे. आपल्या आईने केले ते पाप त्याला खुपते आहे. राम त्याचे सांत्वन करतो. वाल्मीकींच्या अयोध्याकांडात या ठिकाणी मनुष्याला ‘अनीश्वर’ म्हटले आहे, म्हणजे स्वतःवर ज्याची सत्ता नाही असा. गदिमांनी त्याचे ‘पराधीन’ केले आणि एका तत्त्वज्ञानपर संज्ञेला घराघरांतल्या बोलण्याचा शब्द दिला. महासागरात दोन काष्ठे एकत्र यावीत आणि लाटेने दूर व्हावीत हा दृष्टान्तही मूळचाच. मात्र गदिमांकडे त्या काष्ठांचे ‘ओंडके’ होतात. ‘काष्ठ’ म्हटले की यज्ञ किंवा चिता आठवते. ‘ओंडका’ म्हटले की पावसाळ्यात नदीतून वाहत आलेले लाकूड दिसते. एका शब्दाने संस्कृतातले महाकाव्य माणदेशी माणसाच्या डोळ्यांपुढे आणणे ही सामान्य गोष्ट नाही. ‘पराधीन’ला श्रेष्ठ मानणाऱ्यांशी आमचे भांडण नाही, ते एवढ्यासाठीच.

पण त्या गीताचा निष्कर्ष काय? दोष कुणाचाच नाही. कैकेयीचा नाही, दशरथाचाही नाही. दुःख दैवातून आले आणि दैवाला चेहरा नाही. रामाच्या तोंडी ते शोभते. भावाच्या मनातले शल्य काढायचे तर असेच बोलायला हवे. पण ऐकणारा भरत नसून कर्जबाजारी शेतकरी असेल, तर? त्याला हे उत्तर पुरत नाही.

पुढे १९६० मध्ये राजा परांजपे यांचा ‘जगाच्या पाठीवर’ आला. त्यात गदिमांची दोन गीते अशी आहेत की, ती या संदर्भात एकत्र वाचली पाहिजेत. ‘एक धागा सुखाचा’मध्ये आयुष्य हे वस्त्र होते. बालपण, तारुण्य, वार्धक्य अशी त्याची वेगवेगळी रूपे दाखवून झाल्यावर कवी विणकऱ्याकडे वळतो आणि त्याचे हात कुणालाच दिसले नाहीत असे सांगून थांबतो. म्हणजे १९५५ मध्ये दुःखाला कर्ता नव्हता; १९६० मध्ये कर्ता आहे, पण अदृश्य आहे. दुसरे गीत ‘उद्धवा अजब तुझे सरकार’. इथे तक्रार उघड आहे, उपहास बोचरा आहे, राजा लहरी असल्याचेही स्पष्ट म्हटले आहे. परंतु बोलणे चालले आहे ते उद्धवाशी. गोकुळातल्या गोपींनीही आपला राग त्या निरोप्यावरच काढला होता. कचेरीत साहेब भेटत नाही म्हणून कारकुनाला सुनवावे, तसा हा प्रकार आहे.

एका वर्षाने ‘प्रपंच’ आला. मधुकर पाठक यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात एका गरीब, लेकुरवाळ्या कुंभार कुटुंबाची कथा आहे. विणकऱ्याच्या जागी आता कुंभार आला, आणि तो अदृश्य राहिला नाही. त्याला नाव आहे. त्याला ‘तू’ म्हणून हाक मारलेली आहे.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. चित्रपटगीत प्रसंगासाठी लिहिले जाते. कथेत कुंभार होता म्हणून गाण्यात कुंभार आला, यात कवीच्या चिंतनाचा प्रवास कसला शोधता? आक्षेप निम्मा खरा आहे. प्रसंगाने गदिमांना चाक आणि माती दिली. त्या चाकावर विठ्ठलाला बसविणे प्रसंगाने सांगितलेले नव्हते. चाक फिरविणारा कुंभारच स्वतःला मडके समजून वरच्या कुंभाराला जाब विचारतो, ही उलटापालट कवीची आहे.

या उलटापालटीला मराठीत मोठा पूर्वेतिहास आहे, आणि गीताची खरी ताकद तिथूनच येते. कुंभार म्हटला की मराठी मनाला गोरोबाकाका आठवतात. तेरच्या गोरा कुंभारांच्या दोन कथा सर्वांना परिचित आहेत. एक, संतांच्या मेळ्यात मुक्ताबाईने थापटण्याचा उपयोग विचारला आणि गोरोबांनी ते प्रत्येकाच्या डोक्यावर मारून पाहिले. नामदेव कुरकुरले तेव्हा हे मडके कच्चे ठरले. दुसरी कथा भयंकर आहे. विठ्ठलाच्या नामात रंगलेले गोरोबा चिखल तुडवीत असता त्यांचे रांगते मूल पायांखाली आले आणि त्यांना कळलेही नाही. परंपरेने या कथेचा शेवट गोड केला, मूल परत मिळाले. पण तुडविले गेलेले ते लेकरू ऐकणाऱ्याच्या मनातून जात नाही.

गदिमांचे गीत ही कथा सांगत नाही, गोरोबांचे नावही घेत नाही. ते फक्त भक्त आणि देव यांच्या जागा बदलते. चिखल तुडविताना भान हरपलेला कुंभार आता भक्त नाही, विठ्ठल आहे. पायांखाली काय येते आहे हे त्याला कळत नाही. ‘वेडा’ हा शब्द म्हणूनच अचूक बसतो. संतांच्या भाषेत देव भक्तासाठी वेडा होतो, भक्त देवासाठी होतो. ते वेड प्रेमाचे. त्याच शब्दात भान नसलेला, केल्याचे मोडणारा असाही अर्थ आहे. गीत दोन्ही अर्थ शेवटपर्यंत धरून ठेवते, म्हणून भाविकही ते डोळे मिटून ऐकतो आणि ज्याची श्रद्धा उडाली आहे तोही.

आता थोडे रचनेकडे. प्रत्येक कडव्यात सोळा मात्रांच्या तीन ओळी एकाच यमकात येतात आणि चौथी ओळ सोळा अधिक अकरा अशी लांबते. पहिल्या तीन ओळींत चाक वेगाने फिरते. चौथीत हात थांबतो आणि भांडे उतरविले जाते. लांब ओळींची यमके नुसती एकाखाली एक मांडून पाहावीत : आकार, कुंभार, पार, अंगार, अंधार. सुरुवात आकाराने होते, शेवट अंधाराने होतो. कुठेही भाष्य न करता केवळ यमकांच्या माळेतून गीताचा आशय सांगितला गेला आहे. एवढे शांत तंत्रकौशल्य नवकवितेत तरी किती ठिकाणी सापडेल?

शब्दयोजनेतही असेच आहे. क्रियापदांचे ‘-सी’ प्रत्यय १९६१ मध्ये कुणी बोलत नव्हते. ती अभंगांची भाषा आहे, आणि त्यामुळे एका कुंभाराची फिर्याद सातशे वर्षांच्या आवाजात ऐकू येते. ‘तू’ला लागलेला ‘च’ पाहावा. संतांचे ‘तूच’ हे शरणागतीचे असते : तूच माता, तूच पिता. इथे तोच ‘तूच’ घडविण्याला लागतो आणि लगेच फोडण्यालाही लागतो. स्तोत्राचे व्याकरण तसेच ठेवून गदिमांनी त्याचे आरोपपत्र केले आहे. सुखदुःखाच्या वाटपासाठी निवडलेला जिन्नसही सहज आलेला नाही. कुणाच्या वाट्याला निखारा आणि कुणाच्या वाट्याला लोणी. लोणी हा तर पंढरीच्या या देवाचा, गोकुळातला, स्वतःचा आवडता खाऊ.

आणखी एक शब्द : ‘उतरंड’. शहरी विद्यार्थ्यांना हा शब्द समजावून सांगावा लागतो. मोठ्यावर लहान, त्यावर त्याहून लहान अशी एकावर एक रचलेली मडकी. जुन्या घरांत कोपऱ्यात असायची, त्यांत धान्यधुन्य असायचे. गदिमांना सृष्टीचा अफाट पसारा सांगायचा होता. त्यासाठी ‘रास’ चालली असती, ‘ओळ’ चालली असती. पण उतरंडीत वरच्याचे ओझे खालच्यावर असते. मराठीत जातिव्यवस्थेसाठी हाच शब्द वापरला जातो. कवीला तो अर्थ अभिप्रेत होता असा दावा करण्याची गरज नाही. शब्द तो अर्थ बरोबर घेऊनच येतो. शाहीर अमर शेख ज्या चित्रपटात आहेत त्यात तर तो ऐकू यायलाच हवा.

शेवट मात्र सर्वांत धाडसी आहे. संतांनी विठोबाशी भांडण केले नाही असे नाही. जनाबाईने त्याला शिव्या घातल्या, नामदेवांनी आणि तुकोबांनी त्याला खडसावले. परंतु त्या भांडणाला बहुधा परतीची वाट असते. अखेरच्या चरणात नाममुद्रा येते आणि भांडणारा पुन्हा पायांशी बसतो. गदिमांच्या गीतात नाममुद्रा नाही, फलश्रुती नाही, क्षमायाचना नाही. डोळे देणाऱ्यानेच त्यांच्यापुढे काळोख निर्माण केला, एवढे म्हणून कडवे संपते. नंतर ध्रुवपद परत येते आणि चाक पुन्हा फिरू लागते. उत्तर येत नाही.

आमची खंत या ठिकाणी आहे. बा. सी. मर्ढेकरांनी ‘काही कविता’ (१९४७) आणि ‘आणखी काही कविता’ (१९५१) यांत संतांचे छंद घेऊन आधुनिक माणसाची तगमग मांडली. आपण त्याला युगप्रवर्तन म्हणतो, आणि योग्यच म्हणतो. दहा वर्षांनी एका चित्रपटगीतकाराने संतांची भाषा, संतांचा देव आणि संतकथेतली सर्वांत करुण प्रतिमा घेऊन तितकाच अस्वस्थ करणारा प्रश्न विचारला. तो आपण रेडिओवर ऐकला, गुणगुणला, आणि ‘गीत’ या खणात ठेवून दिला. गदिमांना १९६९ मध्ये पद्मश्री मिळाली, १९७३ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले. मानसन्मानात काही कमी पडले नाही. कमी पडले ते वाचन. मर्ढेकरांच्या एका ओळीवर पानेच्या पाने लिहिणाऱ्या आम्हां मास्तर मंडळींना या गीतातला ‘च’ दिसू नये, याला चाल गोड असणे हे कारण पुरेसे नाही.

फडक्यांच्या चालीविषयीही यानिमित्ताने बोलले पाहिजे. ती आक्रोश करीत नाही. शब्दांत फिर्याद आहे आणि स्वरात भजनाचा संथपणा. या दोहोंतल्या अंतरामुळेच फिर्याद सोसवते. छापील पानावर हे गीत अधिक कठोर वाटते. विद्यार्थ्यांना ते आधी न ऐकविता नुसते वाचायला द्यावे, असे आम्ही सुचवू.

आमच्यापैकी एकाचे मत अद्याप ‘एक धागा सुखाचा’कडे झुकलेले आहे, हेही नमूद करतो. त्याचे म्हणणे असे की, ज्याचे हात दिसत नाहीत त्या विणकऱ्यापुढे गप्प होणे हे कुंभाराला जाब विचारण्याहून अधिक कठीण आहे, कारण जाब विचारायला समोर कुणीतरी असल्याचा विश्वास लागतो. त्यावर दुसऱ्याचे उत्तर असे की, त्या विश्वासावाचून ‘विठ्ठला’ ही हाकच तोंडातून निघाली नसती, आणि गीताची सारी वेदना त्या हाकेत आहे. हा वाद स्टाफरूममध्ये चालू आहे.