आठ तासांचा दिवस

येनाच्या झाइस कारखान्यात एर्न्स्ट आबे यांनी १९०० साली आठ तासांचा दिवस सुरू केला. हीच मागणी घेऊन १९०५ साली पीटर्सबर्गचे कामगार झारच्या राजवाड्याकडे निघाले. त्यांच्यावर गोळीबार झाला. १९१७ मध्ये बोल्शेविकांनी सत्ता घेतली आणि पहिल्याच आठवड्यात आठ तासांचा हुकूम काढला.

हीच सोव्हिएत सत्ता १९४५ साली येनात आली. १९४८ मध्ये झाइस सरकारी झाला. १७ जून १९५३ रोजी वाढवलेल्या कामाविरुद्ध हजारो कामगार आमच्या होल्झमार्क्ट चौकात जमले. समोर सोव्हिएत रणगाडे आले. दुसऱ्या दिवशी २६ वर्षांच्या आल्फ्रेड डीनरला गोळी घालण्यात आली.

राजवट झारची असो वा कामगारांच्या नावाची, गाऱ्हाणे घेऊन आलेल्यांना ती काय उत्तर देते, यावरून मी तिची पारख करतो.