निवृत्त जर्सीचा मान आणि पात्रतेचे निकष : अमेरिकन बास्केटबॉलच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

खेळाडूने मैदानातून निवृत्त होणे ही क्रीडाक्षेत्रातील नित्याची घटना आहे. अमेरिकेत मात्र मोठ्या खेळाडूबरोबर त्याच्या जर्सीवरील क्रमांकही निवृत्त केला जातो. तो क्रमांक त्या संघातील पुढील कोणत्याही खेळाडूस दिला जात नाही आणि त्याची पताका संघाच्या क्रीडागृहात छताखाली कायमची लावली जाते. बास्केटबॉलमध्ये ही प्रथा विशेष रुजलेली आहे. परंतु हा मान नेमका कोणास द्यावा, याचे सर्वमान्य उत्तर आजही नाही. नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन अर्थात एनबीए या व्यावसायिक संघटनेने याबाबत सर्व संघांना लागू होणारे निकष ठरविलेले नाहीत. निर्णय प्रत्येक संघाच्या हाती आहे. त्यामुळे छताखालच्या पताका केवळ खेळाडूंची योग्यता सांगत नाहीत. संघाला आपल्या इतिहासातील काय स्मरणात ठेवावयाचे आहे आणि काय नाही, हेही त्या सांगतात.

उद्दिष्टे :

१. जर्सी निवृत्त करण्याच्या प्रथेमागील निकषांचा आढावा घेणे.
२. लिखित नियम आणि प्रत्यक्ष निर्णय यांतील अंतर तपासणे.
३. कृष्णवर्णीय खेळाडूंच्या संदर्भात या सन्मानाचे ऐतिहासिक मूल्यमापन करणे.

प्रथेचा उगम :

या प्रथेचा आरंभ बास्केटबॉलमध्ये झालेला नाही. १९३४ मध्ये टोरांटोच्या आइस हॉकी संघाने एस बेली यांचा ६ क्रमांक निवृत्त केला. सामन्यात झालेल्या गंभीर दुखापतीमुळे बेली यांची कारकीर्द अकाली संपली होती. बेसबॉलमध्ये न्यूयॉर्क यांकीज संघाने लू गेरिग यांचा ४ क्रमांक याच प्रकारे राखून ठेवला. १९३९ मध्ये असाध्य व्याधीमुळे गेरिग यांना खेळ सोडावा लागला होता. म्हणजेच या प्रथेच्या मुळाशी गुणांची आकडेवारी एकटी नव्हती. खेळाडूवर ओढवलेल्या आपत्तीबद्दलची कृतज्ञ सहवेदनाही तेथे होती. पुढे बास्केटबॉलमध्येही हा धागा टिकून राहिला. न्यू जर्सी नेट्सचे ड्रॅझेन पेट्रोविच जून १९९३ मध्ये मोटार अपघातात मरण पावले आणि त्याच वर्षी त्यांचा ३ क्रमांक निवृत्त करण्यात आला. जुलै १९९३ मध्ये बॉस्टन सेल्टिक्सच्या रेगी लुइस यांचा अकाली मृत्यू झाला. त्यांच्या ३५ क्रमांकासही पुढे हाच मान मिळाला.

लिखित नियमांची मर्यादा :

काही संस्थांनी निर्णय वस्तुनिष्ठ व्हावा म्हणून नियम केले. लॉस एंजेलिस लेकर्सच्या धोरणानुसार स्प्रिंगफील्ड येथील नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये समावेश झालेल्या खेळाडूचाच क्रमांक निवृत्त होतो. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाने वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचा राष्ट्रीय पुरस्कार ही अट घातली, तर ड्यूक विद्यापीठाने पदवी पूर्ण करण्यास महत्त्व दिले. एकाने खेळातील श्रेष्ठत्व प्रमाण मानले, दुसऱ्याने त्याला विद्यार्थी म्हणून असलेल्या कर्तव्याची जोड दिली. दोन शेजारी विद्यापीठांतील हा फरक बोलका आहे.

तथापि नियम असूनही प्रश्न सुटत नाही, हे लेकर्सच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. जॉर्ज मायकन हे या संघाचे पहिले महान खेळाडू होत. संघ मिनिआपोलिस येथे असताना त्यांनी त्याला अनेक विजेतेपदे मिळवून दिली. १९५९ मध्ये हॉल ऑफ फेमच्या पहिल्याच तुकडीत त्यांचा समावेश झाला. पुढच्याच वर्षी संघ लॉस एंजेलिसला स्थलांतरित झाला. मायकन २००५ मध्ये निधन पावले आणि त्यांचा ९९ क्रमांक २०२२ मध्ये निवृत्त झाला. अट पूर्ण होऊनही ६३ वर्षांचा कालावधी गेला. याउलट कोबी ब्रायंट यांचे ८ आणि २४ हे दोन्ही क्रमांक डिसेंबर २०१७ मध्ये, हॉल ऑफ फेममधील समावेशापूर्वीच, निवृत्त करण्यात आले. जुन्या शहरातील पराक्रमास नियम असूनही विलंब झाला आणि लोकप्रिय खेळाडूसाठी तोच नियम शिथिल झाला, असे दिसून येते.

मायामी हीट संघाने तर २००३ मध्ये मायकेल जॉर्डन यांचा २३ क्रमांक निवृत्त केला. जॉर्डन त्या संघाकडून एकही सामना खेळलेले नव्हते. येथे संघाशी असलेले नाते हा निकषच बाजूला पडला.

सेल्टिक्सची परंपरा आणि बिल रसेल :

बॉस्टन सेल्टिक्सने वीसहून अधिक क्रमांक निवृत्त केले आहेत. या संघाने हॉल ऑफ फेमची अट घातली नाही. त्यामुळे संघासाठी कष्ट उपसणाऱ्या, पण कीर्तीच्या झोतात न आलेल्या खेळाडूंनाही येथे स्थान मिळू शकले. जिम लॉस्कुटॉफ यांनी आपला १८ क्रमांक भावी खेळाडूंसाठी खुला ठेवावा अशी इच्छा व्यक्त केली. तेव्हा क्रमांकाऐवजी त्यांचे टोपणनाव पताकेवर लिहिण्यात आले. पुढे तोच क्रमांक डेव्ह कावेन्स यांनी घातला आणि तो त्यांच्या नावे निवृत्त झाला.

या परंपरेतील सर्वांत अर्थपूर्ण घटना बिल रसेल यांच्याशी निगडित आहे. रसेल यांनी १९५७ ते १९६९ या काळात १३ हंगामांत ११ विजेतेपदे मिळविली. १९६६ मध्ये ते एनबीएचे पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांच्या पात्रतेविषयी वाद असणे शक्यच नव्हते. परंतु ज्या शहरासाठी ते खेळले, त्याच शहराच्या परिसरात त्यांनी वर्णद्वेषाचा अनुभव घेतला. रेडिंग येथील त्यांच्या घरात शिरून नासधूस करण्यात आली आणि भिंतींवर वर्णद्वेषी मजकूर लिहिण्यात आला. १२ मार्च १९७२ रोजी त्यांचा ६ क्रमांक निवृत्त झाला, तेव्हा त्यांच्याच आग्रहावरून हा विधी प्रेक्षकांसाठी दरवाजे उघडण्यापूर्वी, मोजक्या सहकाऱ्यांच्या उपस्थितीत पार पडला. संघाने दिलेला मान त्यांनी स्वीकारला, मात्र गर्दीच्या टाळ्या नाकारल्या. १९९९ मध्ये बॉस्टन येथे हाच समारंभ जाहीररीत्या पुन्हा करण्यात आला. ३१ जुलै २०२२ रोजी रसेल यांचे निधन झाले. त्यानंतर काही दिवसांतच एनबीएने ६ क्रमांक सर्व संघांसाठी निवृत्त केला. संपूर्ण संघटनेत असा मान मिळालेले ते पहिलेच खेळाडू होत.

पताकेविना राहिलेले प्रवर्तक :

रसेल यांनी १९७५ मध्ये हॉल ऑफ फेमचा सन्मान स्वीकारण्यास नकार दिला होता. आपल्यापूर्वीच्या कृष्णवर्णीय खेळाडूंना तो आधी मिळावयास हवा होता, अशी त्यांची भूमिका होती. २०१९ मध्ये चक कूपर यांचा तेथे समावेश झाल्यानंतरच त्यांनी तो खासगीरीत्या स्वीकारला. १९५० मध्ये सेल्टिक्सचे मालक वॉल्टर ब्राउन यांनी कूपर यांची निवड केली. एनबीए संघाने निवडलेले ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू होते. ब्राउन यांच्या सन्मानार्थ सेल्टिक्सने १ क्रमांक निवृत्त केला. कूपर यांचा ११ क्रमांक मात्र वापरात राहिला आणि २०१७ ते २०१९ या काळात तो कायरी अर्व्हिंग यांनी घातला. दार उघडणाऱ्या मालकाची पताका लागली, त्या दारातून प्रथम आत पाऊल टाकणाऱ्या खेळाडूची लागली नाही. कूपर यांची वैयक्तिक आकडेवारी माफक होती हे खरे. परंतु केवळ आकडेवारीचा निकष लावल्यास इतिहासातील एक मोठे वळण नजरेआड होते.

अर्ल लॉइड यांची कथा याहून वेगळी आहे. ३१ ऑक्टोबर १९५० रोजी वॉशिंग्टन कॅपिटल्सकडून खेळून ते एनबीए सामन्यात उतरणारे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले. परंतु जानेवारी १९५१ मध्ये तो संघच बंद पडला. त्या ऐतिहासिक क्षणाची पताका लावण्यास ना संघ उरला, ना छत.

सिएटल सुपरसॉनिक्सने २००७ मध्ये स्पेन्सर हेवूड यांचा २४ क्रमांक निवृत्त केला. त्यांच्या उमेदवारीच्या काळात माध्यमिक शिक्षण संपून चार वर्षे झाल्याशिवाय खेळाडूस एनबीएमध्ये प्रवेश नव्हता. हेवूड यांनी या नियमास न्यायालयात आव्हान दिले, १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश त्यांच्या बाजूने लागला आणि पुढे नियम शिथिल झाला. सिएटल सोडल्यानंतर ३२ वर्षांनी त्यांना हा मान मिळाला. २००८ मध्ये संघ ओक्लाहोमा सिटीला गेला. सन्मान आणखी थोडा लांबला असता, तर सिएटलमध्ये तो देण्यास संघच उरला नसता. स्मरणासाठी खेळाडूच्या योग्यतेइतकेच संस्थेचे सातत्यही आवश्यक असते, हे यावरून लक्षात येते.

भारतीय संदर्भ :

भारतातही हा प्रश्न उपस्थित झालेला आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये कोलंबो येथील एकदिवसीय सामन्यात शार्दूल ठाकूर यांनी १० क्रमांकाची जर्सी घातली, तेव्हा सचिन तेंडुलकर यांच्या चाहत्यांनी नाराजी व्यक्त केली. ठाकूर यांनी नंतर ५४ क्रमांक स्वीकारला आणि १० क्रमांक अनौपचारिकरीत्या बाजूला ठेवण्यात आला. तेंडुलकर यांची थोरवी निर्विवाद आहे. तथापि येथे आधी जाहीर केलेल्या निकषापेक्षा लोकभावनेचा प्रभाव अधिक होता, हे नोंदविणे आवश्यक आहे.

निष्कर्ष :

१. जर्सी निवृत्तीमागे कामगिरी, संघनिष्ठा, आपत्ती व त्याग आणि ऐतिहासिक महत्त्व असे चार निकष आढळतात. व्यवहारात कामगिरीस झुकते माप मिळते.

२. लिखित नियम उपयुक्त असले, तरी ते न्यायाची हमी देत नाहीत. मायकन आणि ब्रायंट यांची उदाहरणे याची साक्ष देतात.

३. सन्मान देणाऱ्याइतकेच स्वीकारणाऱ्याचे मतही महत्त्वाचे असते. रसेल यांचा १९७२ मधील आग्रह हा त्या काळातील बॉस्टनच्या सामाजिक वास्तवावरील मूक अभिप्राय होता.

४. एखाद्या खेळाडूस वगळून संघाचा इतिहास पूर्णपणे सांगता येतो काय, हा प्रश्न निर्णयापूर्वी विचारला जावा. उत्तर नकारार्थी असल्यास तो खेळाडू पात्र ठरतो, मग त्याची आकडेवारी माफक का असेना. या कसोटीवर चक कूपर यांचा अधिकार निर्विवाद ठरतो.

सारांश, छताखालची पताका हा इतिहासाचा दस्तऐवज आहे. दस्तऐवजात काय नोंदविले आहे याबरोबरच काय नोंदविलेले नाही, हेही अभ्यासकाने वाचावयाचे असते.