कौटुंबिक हिंसाचाराचा आरोप आणि कायदेशीर बचाव

पती-पत्नीमधील कलह पोलीस ठाण्यात किंवा न्यायालयात पोहोचला की आरोप झालेल्या कुटुंबात प्रथम भीती आणि मग संताप निर्माण होतो. कोणी नोटीस घेण्याचे नाकारतो, कोणी गाव सोडतो, तर कोणी तक्रारदार स्त्रीच्या माहेरी जाऊन जाब विचारतो. या तिन्ही गोष्टी बचावाला घातक ठरतात. कायदा पीडित स्त्रीला संरक्षण देतो, त्याचप्रमाणे ज्याच्यावर आरोप आहे त्यालाही आपली बाजू मांडण्याचा अधिकार देतो. हा अधिकार कसा वापरावा, याची प्राथमिक माहिती वाचकांसाठी येथे देत आहोत.

कायदे दोन, मार्ग दोन

‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५’ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्याच्या कलम १२ अन्वये न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. संरक्षण, निवास, आर्थिक साहाय्य, मुलांचा ताबा आणि नुकसानभरपाई असे आदेश त्यात मागितले जातात. हे स्वरूप मुख्यतः दिवाणी आहे. केवळ असा अर्ज दाखल झाला म्हणून अटक होत नाही. मात्र न्यायालयाने दिलेला संरक्षण आदेश मोडला, तर कलम ३१ प्रमाणे १ वर्षापर्यंत कारावास किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे.

दुसरा मार्ग फौजदारी आहे. विवाहित स्त्रीला क्रूर वागणूक देण्याविषयीचे कलम ४९८-अ भारतीय दंड संहितेत १९८३ साली आले. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ व ८६ यांनी घेतली आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कारावास व दंड अशी आहे. हातात आलेला कागद यांपैकी कोणत्या कायद्याखालचा आहे, हे वकिलाकडून प्रथम समजून घ्यावे.

नोटीस आल्यावर

नोटीस स्वीकारावी, तारीख लिहून ठेवावी आणि ताबडतोब वकील नेमावा. गैरहजर राहिल्यास एकतर्फी आदेश होऊ शकतो. २००५ च्या कायद्यात तर कलम २३ अन्वये, प्रतिज्ञापत्राच्या आधारे अंतरिम आदेशही एकतर्फी देता येतो. असा आदेश झाला तरी मार्ग बंद होत नाही. परिस्थिती बदलल्यास कलम २५ प्रमाणे आदेशात बदल मागता येतो. कलम २९ प्रमाणे सत्र न्यायालयात अपील करता येते. त्याची मुदत ३० दिवसांची आहे. तोवर मात्र आदेश पाळलाच पाहिजे.

फौजदारी तक्रारीत सर्वोच्च न्यायालयाचा अर्णेश कुमार खटल्यातील २०१४ चा निर्णय महत्त्वाचा आहे. ७ वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करू नये, आवश्यकतेची कारणे नोंदवावीत, असे त्यात बजावले आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खाली हजर राहण्याची नोटीस आल्यास वेळेवर जावे व तपासात सहकार्य करावे. अटकेची रास्त भीती असल्यास कलम ४८२ अन्वये अटकपूर्व जामिनाचा अर्ज करता येतो.

आखातात किंवा जहाजावर नोकरी करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की २००५ च्या कायद्याखालील कार्यवाहीत प्रतिवादीने प्रत्येक वेळी जातीने हजर राहणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली स्पष्ट केले. परंतु वकिलामार्फत उत्तर देणे चुकवू नये.

बचावाचे मुद्दे

लेखी उत्तरात प्रत्येक आरोपाला स्वतंत्र उत्तर द्यावे. ‘सर्व खोटे आहे’ एवढ्याने भागत नाही. घटनेच्या दिवशी आपण कोठे होतो, घरखर्चाचे पैसे कसे दिले, औषधोपचार कोणी केला, याचे पुरावे जोडावेत. बँकेचे उतारे, कामावरील हजेरी, दवाखान्याची कागदपत्रे आणि मूळ संदेश जपून ठेवावेत. भ्रमणध्वनीवरील संदेशांची प्रत सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते. आपल्याला प्रतिकूल वाटणारा संदेशही पुसू नये. पुरावा नष्ट करणे हा वेगळाच गुन्हा ठरतो.

सासू-सासरे, दीर, विवाहित नणंद यांची नावे विशिष्ट घटना न सांगता गोवली असतील, तर उच्च न्यायालयाकडे कलम ५२८ अन्वये कार्यवाही रद्द करण्याची विनंती करता येते. अशा मोघम आरोपांवर कुटुंबीयांना खटल्यात ओढू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ व २०२४ च्या निर्णयांत म्हटले आहे. २००५ च्या कायद्याखाली तर एकाच घरात कधी एकत्र राहिल्याचे नातेच नसेल, तर तो मुद्दा अवश्य मांडावा.

पोटगीच्या प्रश्नात उत्पन्न लपवू नये. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निर्णयानुसार दोन्ही पक्षांना मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते.

न टिकणारे बचाव

‘घर माझ्या वडिलांच्या नावावर आहे’ हे उत्तर आता पुरेसे नाही. सतीश चंदर आहुजा खटल्यात (२०२०) सासऱ्यांच्या मालकीचे घरही ‘सामायिक घर’ ठरू शकते असा निर्णय झाला. ‘ती वर्षभरापूर्वीच निघून गेली’ एवढ्यानेही कलम १२ चा अर्ज मुदतबाह्य होत नाही, हे २०२२ साली स्पष्ट झाले. आई किंवा बहीण स्त्री आहे म्हणून तिच्याविरुद्ध अर्ज चालत नाही, हा समजही २०१६ च्या निर्णयाने संपला.

आपल्या लोकांत आणखी एक गैरसमज आहे. धर्मप्रांताच्या विवाह न्यायासनाने विवाह शून्य ठरवला, तरी महाराष्ट्रात दिवाणी कायद्याच्या दृष्टीने विवाह त्यामुळे संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली मॉली जोसेफ खटल्यात हे सांगितले. त्यामुळे त्या निर्णयाच्या आधारे पोटगीची जबाबदारी नाकारता येत नाही.

समेटाचा विचार

दोघांचीही मनापासून संमती असेल तर समेट जरूर करावा. धर्मगुरूंनी किंवा वडीलधाऱ्यांनी घडवलेला समेट लेखी असला, तरी तेवढ्याने फौजदारी खटला मिटत नाही. केंद्रीय कायद्यात हा गुन्हा तडजोडपात्र नाही. त्यासाठी उच्च न्यायालयाकडे जावे लागते आणि २००३ च्या बी. एस. जोशी निर्णयापासून तो मार्ग मान्य आहे. तक्रार मागे घेण्यासाठी स्त्रीवर दबाव आणणे मात्र सर्वस्वी चुकीचे आहे. चर्चच्या कायद्याचे कलम ११५३ देखील, जोडीदारापासून गंभीर धोका असल्यास वेगळे राहण्याचे रास्त कारण मान्य करते.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्या पुरुषांना, तसेच सर्व स्त्रियांना व कोठडीतील व्यक्तींना मोफत विधी साहाय्य मिळते. दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे.

अखेर एक गोष्ट ध्यानी असावी. हात उगारला गेला असेल, तर ते वकिलापासून लपवू नये. खोट्या उत्तरावर उभा केलेला बचाव उलटतपासणीत कोसळतो आणि घरातील मुलांनाही त्या खोटेपणाचे साक्षीदार व्हावे लागते. आरोप खरा नसेल तर तो पुराव्याने खोडून काढावा. खरा असेल तर हिंसा तत्काळ थांबवावी, न्यायालयाचा आदेश पाळावा आणि समुपदेशनाची तयारी दाखवावी.