गंगामूळची शाळा

फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस बहारीनमधल्या शाळा करोनामुळे बंद झाल्या आणि आमच्या मनामातल्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल हीच लेकीची शाळा झाली. नाइलाजाने सुरू झालेला हा प्रकार हळूहळू आम्हाला आवडू लागला. शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा आम्ही दोघांनी ठरवलं, आणखी एक वर्ष तिला घरीच शिकवून पाहू. लगेच पुण्याहून आईचा फोन. "अरे, स्वतः परदेशात जाऊन एमएस केलंस आणि पोरीला शाळेतून काढतोस?" खरं सांगायचं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दिवसभर क्लायंटच्या सर्व्हरची काळजी वाहायची आणि रात्री एकच प्रश्न छळायचा : आपण पोरीचं नुकसान तर करत नाही ना?

त्याच दिवसांत पंडिता रमाबाईंचं चरित्र पुन्हा वाचलं. शाळेत असताना त्यांच्यावर एक धडा होता, एवढंच आठवत होतं. यावेळी मात्र माझं लक्ष रमाबाईंपेक्षा त्यांच्या वडिलांकडे गेलं.

अनंतशास्त्री डोंगरे तरुणपणी पुण्याला रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे शिकत होते. हे गुरुजी दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यात जाऊन पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवत. बाई संस्कृत शिकू शकते, हे शिष्याच्या मनात घर करून राहिलं. त्यांनी पहिल्या पत्नीला शिकवायचा प्रयत्न केला, तो घरच्यांच्या विरोधामुळे फसला. पुढे दुसऱ्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, त्यांनी नेटाने शिकवलं. त्याबद्दल त्यांना उडुपीला विद्वानांपुढे जाब द्यावा लागला. तिथे त्यांनी शास्त्राधारानेच आपली बाजू मांडली. नंतर त्यांनी पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात बिऱ्हाड थाटलं. तिथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाई जन्मल्या.

त्या सहा महिन्यांच्या असतानाच कुटुंब तीर्थयात्रेला निघालं आणि वर्षानुवर्षं फिरतच राहिलं. पुराण सांगून जे मिळेल त्यावर गुजराण. रमाबाई आठ वर्षांच्या झाल्या तेव्हा वडील थकले होते, म्हणून आईने त्यांचं शिक्षण हाती घेतलं. लक्ष्मीबाई पहाटे लेकीला उठवून पाठ देत, कारण दिवस उजाडला की घरकाम मागे लागे. मंडळी, आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट म्हणजे रमाबाईंची मराठी. आईवडील घरात आवर्जून मराठी बोलत, म्हणून मुलूख सोडूनही ती टिकली. कानडी, हिंदुस्थानी आणि बंगाली त्या वाटेवर शिकल्या. गल्फमध्ये वाढणाऱ्या आपल्या मुलांचं चित्र काही फार वेगळं नाही.

या शिक्षणाचं फळ सर्वांना ठाऊक आहे. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८२ साली हंटर आयोगापुढे साक्ष देताना रमाबाईंनी स्त्री-शिक्षक आणि स्त्री-डॉक्टर हवेत असं ठणकावून सांगितलं. १८८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेलं उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांवरचं आपलं इंग्रजी पुस्तक त्यांनी आईच्या स्मृतीला अर्पण केलं.

पण चरित्राचं दुसरं पानही वाचायला हवं. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. पुराण ऐकायला कोणी उरलं नाही. कुटुंबाची उपासमार झाली, आणि आधी वडील, मग आई आणि नंतर थोरली बहीणही गेली. रमाबाईंनी पुढे स्वच्छ लिहून ठेवलं आहे की, आपल्याला धर्मग्रंथांखेरीज पोट भरण्याजोगं काहीच शिकवलं नव्हतं. वडिलांबद्दल अपार आदर होता, तरीही त्यांनी हे लिहिलं. हे वाचल्यावर माझी भीती अगदीच खुळी नव्हती, हे कळलं.

आणि रमाबाईंनी स्वतः काय केलं? ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढलं, म्हणजे शाळाच काढली. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात मुलींना अक्षरांबरोबर विणकाम, शेती, छपाई असे हाताला काम देणारे उद्योग शिकवले. आईच्या पहाटेच्या पाठांनी दिलेलं त्यांनी जपलं आणि तिथे जे मिळालं नव्हतं ते इतरांच्या मुलींना मिळवून दिलं.

आम्हीही तोच धडा घेतला. आमच्या टेबलावर काय कमी पडतं, याची यादी केली. सवंगडी नव्हते, म्हणून सुट्टीच्या दिवशी मंडळातल्या मुलांबरोबर लेझीम सुरू केलं. हाताने काही करणं राहत होतं, म्हणून शेजारच्या काकांकडे सायकल दुरुस्ती आणि घरी स्वयंपाक. मिळालं तेही थोडं नव्हतं. एकदा लेकीला कलात-अल-बहारीनच्या किल्ल्यावर नेलं. दिलमुनच्या मुद्रा दाखवून मी सांगितलं की आखाताच्या धर्तीची अशी एक मुद्रा गुजरातेत लोथलला सापडली आहे. ती जरा थांबून म्हणाली, "म्हणजे बाबा, चार हजार वर्षांपूर्वीही कोणीतरी नोकरीसाठी इकडे आलं असेल, आणि त्याची मुलं घरीच शिकली असतील!" परीक्षेच्या कुठल्याही मार्कांनी मला इतका आनंद दिला नसता.

वर्ष संपल्यावर ती आपणहून म्हणाली, "आता शाळेत जाते." ती परत गेली, रुळलीही. आमचं नुकसान झालं की फायदा, याचा हिशोब मी आता मांडत नाही. आईचा प्रश्न मात्र तिनेच सोडवला. एका संध्याकाळी फोनवर ती आजीला रमाबाईंची गोष्ट सांगत होती, अस्खलित मराठीत. ऐकून झाल्यावर आई म्हणाली, "तिची आई पहाटे उठवायची म्हणतेस? तुझा बाबा तर आठपर्यंत लोळायचा!"