लोक अजून तयार नाहीत

माझ्या चुलतबहिणीच्या लग्नाची बोलणी चालली होती. मुलगा आमच्याच मंडळीतला, दर रविवारी उपासनेला येणारा. तरी घरात प्रश्न निघालाच: त्याचे पणजोबा बाप्तिस्म्याआधी कोण होते? उत्तर कळल्यावर सगळे गप्प झाले. मीही. नंतर तिला एवढंच म्हणालो, "तुझं बरोबर आहे, पण लोक अजून तयार नाहीत." लग्न मोडलं.

पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या चर्चचा इतिहास वाचायला घेतला आणि माझंच वाक्य तिथे भेटलं.

केपमधल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनडने १८२९ मध्ये सांगितलं होतं की प्रभुभोजनात रंगाचा भेद चालणार नाही. अनेक गोऱ्यांना ते पटलं नाही. मग १८५७ मध्ये सिनडने मधला मार्ग काढला. सगळ्यांनी एकत्र बसणं हेच योग्य आणि शास्त्राला धरून आहे, असं आधी मान्य केलं. पण काहींच्या दुर्बळपणामुळे कामात अडथळा येत असेल, तर वेगळी उपासना चालेल, अशी पुस्ती जोडली.

दुर्बळ कोण, तर गोरे. आणि बाहेर कोणी जायचं? दुसऱ्यांनी.

१८८१ मध्ये 'रंगीत' म्हटल्या जाणाऱ्या लोकांसाठी वेगळं मिशन चर्चच निघालं. १९४८ नंतर वर्णभेद सरकारी धोरण झाला, तेव्हा गोऱ्या चर्चने त्याला बायबलचा आधार पुरवला. जी सवलत होती, तिचं तत्त्व झालं.

त्या मिशन चर्चनेच १९८२ मध्ये केपटाउनजवळच्या बेल्हारमध्ये उत्तर दिलं. बेल्हारचा विश्वासनामा सांगतो की मंडळीची एकी ही देवाची देणगी आहे आणि जबाबदारीही. आणि देव अन्याय सोसणाऱ्यांच्या बाजूने उभा राहतो. चार वर्षांनी तो अधिकृतपणे स्वीकारला गेला.

१९९० मध्ये रुस्टेनबर्गच्या परिषदेत विली योंकर या गोऱ्या धर्मशास्त्रज्ञाने आपल्या आणि आपल्या लोकांच्या अपराधाची जाहीर कबुली दिली. डेस्मंड टुटूंनी उठून क्षमा केली. काही कृष्णवर्णीय प्रतिनिधींना ते खटकलं: आमच्या वतीने क्षमा करणारे तुम्ही कोण? १९९४ मध्ये मिशन चर्च आणि कृष्णवर्णीयांचं चर्च एक झाले. गोरं चर्च मात्र त्यात आलं नाही. माफी एका दुपारी मागून झाली, पण एका बाकावर बसणं राहूनच गेलं.

हे वाचून मी बहिणीकडे गेलो. माफी मागितली. ती चहा गाळत म्हणाली, "केलं माफ, दादा. पण ते तू मला एकटीला सांगतोयस. त्या दिवशी खोली भरलेली होती."

पुढच्या महिन्यात घरात आणखी एका लग्नाची बोलणी आहेत. तोच प्रश्न पुन्हा निघणार, हे मला माहीत आहे. या वेळी खोली भरलेली असतानाच मला बोलायचं आहे.